वय आणि चढाचा वेग : साठीनंतर ट्रेकचं गणित कसं मांडता?

पदरवाट (धागाकर्ता)

ट्रेकचे वृत्तांत वाचताना एक गोष्ट नेहमी खटकते. ‘पायथ्यापासून दोन तास’, ‘श्रेणी सोपी’, ‘दीड तासात खाली’ असं बिनधास्त लिहिलेलं असतं. पण हे दोन तास कुणाचे? पंचविशीतल्या पोराचे, की माझ्यासारख्या एकसष्टीच्या माणसाचे?

सिंहगड आतकरवाडीतून चाळिशीत असताना मी पन्नास मिनिटांत चढायचो. आता सव्वा तास लागतो, तोही हवा बरी असेल तर. याचं मला वाईट वाटत नाही. दम लागला की ताकवाल्या मावशींपाशी थांबायचं, त्यात काय एवढं. कोडं वेगळंच आहे. पूर्वी उतरायला चढण्याच्या निम्मा वेळ लागायचा, आता जवळपास चढण्याइतकाच लागतो. राजगडाच्या चोरदरवाजाने वर जाताना मी अजून ग्रुपच्या मध्यावर असतो. तीच वाट उतरताना शेवटी असतो, आणि माझ्यासाठी थांबणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

आमचा ग्रुप पंचावन्न ते सत्तरच्या मधला आहे, अधूनमधून कुणाची मुलं-सुना येतात. त्यामुळे प्रश्न असे, की वयानुसार वेग नक्की किती पडतो, उतरणच जास्त का पडते, आणि ट्रेक आखताना तुम्ही हे वेळापत्रकात कसं बसवता? अनुभव आणि माहिती दोन्ही हवं आहे. ‘वय हा फक्त आकडा आहे’ छाप प्रतिसाद कृपया नकोत.

ताकभात

वय हा फक्त आकडा आहे.

(पळतो आता. उतारावर नाही, सपाटीवर.)

बिनकामाचा_इंजिनियर

चांगला विषय. आधी सूत्रांचं बघू. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला : नकाशावरच्या दर तीन मैलांना एक तास, आणि वर दर २००० फूट चढाला आणखी एक तास. आपल्या मापात साधारण ताशी ५ किलोमीटर, अधिक ६०० मीटरला एक तास. जगभर अजूनही हाच वापरतात.

समजा पावणेतीन किलोमीटरांत ६०० मीटर चढ आहे, म्हणजे सिंहगडाच्या पायवाटेच्या जवळपास जाणारा. नेस्मिथच्या हिशेबाने ३३ मिनिटं चाल आणि ६० मिनिटं चढ, एकूण ९३ मिनिटं. म्हणजे काका, एकसष्टाव्या वर्षी सव्वा तासात चढून तुम्ही नेस्मिथला मागे टाकताय!

गंमत पुढे आहे. मूळ सूत्रात उतरणीचा वेळ धरलेलाच नाही. उतार म्हणजे सपाटीसारखंच चालायचं असा हिशेब. पुढे एरिक लँगमुर यांनी त्यात दुरुस्ती सुचवली. ५ ते १२ अंशांचा सौम्य उतार असेल तर दर ३०० मीटर उतरणीला १० मिनिटं वजा करा, १२ अंशांपेक्षा तीव्र असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटं वाढवा. सह्याद्रीत सौम्य उतार मिळतो तो फक्त पदरात (डोंगराच्या मधल्या सपाटसर टप्प्यात) आणि पठारावर. बाकी सगळा ‘वाढवा’ वाला.

वॉल्डो टोबलर या भूगोलतज्ज्ञाचं १९९३ चं समीकरण आणखी बारीक आहे. त्यात सर्वांत जास्त वेग, ताशी ६ किलोमीटर, सपाटीवर येत नाही, पाच टक्के उतारावर येतो. त्यापलीकडे उतार वाढला की वेग परत पडतो. वरचंच उदाहरण त्यात घातलं तर चढायला ७० मिनिटं आणि उतरायला ५० मिनिटं येतात. म्हणजे धडधाकट माणसालासुद्धा खड्या वाटेवर उतरायला निम्मा वेळ पुरत नाही. पूर्वी तुम्ही पळत उतरत असणार.

मात्र या तिन्हींत वयाचा रकाना कुठेही नाही.

पदरवाट

हो, पळतच उतरायचो. आतकरवाडीच्या वाटेवर तर पैजा लागायच्या. गुडघ्यांनी तेव्हाच नोंद करून ठेवली असावी.

हाडंबिडं

फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः चालतेही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चढ आणि उतरण या शरीराच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वय दोन्हींवर वेगवेगळ्या बाजूंनी हल्ला करतं.

चढावर मर्यादा येते ती इंजिनाची. हृदय-फुफ्फुसं-स्नायू मिळून मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतात, त्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात. तिशीनंतर ही क्षमता साधारण दर दहा वर्षांनी दहा टक्क्यांनी घटते. नियमित आणि जोरकस व्यायाम ठेवणाऱ्यांत ही घट बरीच कमी, काही जणांत निम्म्यावर असते. यातला एक भाग मात्र कुणाच्याच हातात नाही : हृदयाच्या ठोक्यांची कमाल. ‘२२० वजा वय’ सगळ्यांना पाठ असतं, पण २००१ मधलं ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे सूत्र वयस्कांसाठी जास्त जवळ जातं. तिशीत १८७, साठीत १६६. हे सरासरीचे आकडे, माणसामाणसात दहा ठोक्यांचा फरक सहज पडतो. कितीही व्यायाम केलात तरी ही कमाल घसरतेच.

आता इंजिनियरसाहेबांचाच चढ घेऊ. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं ट्रेडमिलसाठी वापरायचं एक समीकरण आहे. त्यानुसार हा ६०० मीटरचा चढ एका तासात करायचा तर दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण २६ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. तिशीतल्या बऱ्यापैकी फिट माणसाची क्षमता ४५ धरली तर हे झाले ५८ टक्के. गप्पा मारत जाईल तो. दर दशकाला दहा टक्के गेले तर साठीत त्याची क्षमता ३३ वर येते. त्याच चढाला त्याच वेगाने आता जवळपास ८० टक्के लागतात. गप्पा बंद, धाप सुरू, आणि वीस मिनिटांत बसकण. त्याने पूर्वीइतक्याच आरामात जायचं ठरवलं तर तोच चढ दीड तासाचा होतो. व्यायामात सातत्य ठेवून घट निम्मी राखली असेल तर सत्तर मिनिटांच्या आसपास.

म्हणजे पदरवाट, तुमचा सव्वा तास अगदी हिशेबात बसतो.

उतरणीचं उद्या लिहिते, पेशंट आलेत.

घसारा

मी ठाण्यातून ग्रुप नेतो, वय ३१. जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

अडचण वेगाची नसते, न सांगण्याची असते. फॉर्ममध्ये ‘नियमित ट्रेक करतो’ लिहिलेलं असतं. नंतर कळतं की शेवटचा ट्रेक लॉकडाऊनच्या आधी झालाय आणि गुडघ्याचा एमआरआय बॅगेत आहे. एक माणूस दोन तास मागे पडला की सगळा ग्रुप अंधारात उतरतो. अंधारात उतरणं सर्वांनाच धोक्याचं, तरुणांनाही. ज्येष्ठांनी आधी सांगितलं तर आम्ही वाट बदलतो, लवकर निघतो, बरोबर एक माणूस देतो. ऐनवेळी अर्ध्या वाटेत सांगितलं तर हातात काही उरत नाही.

उशिराची_पालवी

घसारा, मुद्दा पटला. पण आता दुसरी बाजू ऐका.

मी सत्तेचाळिसाव्या वर्षी चालायला लागले, आता छप्पन्न पूर्ण. त्याआधी घर, बँकेतली नोकरी, सासूबाईंचं आजारपण. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून मंदिरापाशी मटकन बसले होते पहिल्यांदा. आज माझा वेग तेव्हापेक्षा नक्कीच जास्त आहे. म्हणजे माझ्या बाबतीत वय वाढलं तसा वेगही वाढला! कारण मी माझ्या क्षमतेच्या जवळपासही कधी पोचले नव्हते. तरुणपणी गड फिरलेल्यांची तुलना स्वतःच्या पंचविशीशी असते, त्यामुळे त्यांना सारखं काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. आमच्यासारख्यांना सगळं मिळालेलंच आहे.

दुसरं असं, की तुमच्या ग्रुपांत मागे पडणाऱ्याला विश्रांती मिळतच नाही. पुढचे वीस मिनिटं आधी पोचतात, पाणी पितात, फोटो काढतात. मागचा धापा टाकत पोचला की ‘चला, आले सगळे’ म्हणत निघतात. सर्वांत जास्त विश्रांती ज्याला हवी त्यालाच ती शून्य. यात माणूस थकणार नाही तर काय होणार?

घसारा

ताई, हे शंभर टक्के खरं आहे. आमच्यातही व्हायचं. आता हळू चालणाऱ्याला लीडच्या लगेच मागे ठेवतो आणि लीडने त्याच्याकडे बघून चालायचं. पुढची पोरं कुरकुरतात, पण एकूण वेळ कमीच लागतो. थांबे कमी होतात ना.

मूळ_शंका

हे सगळं शहरी लोकांचं रडगाणं आहे. नवरात्रात कळसूबाईला बारी गावातल्या सत्तरीच्या आज्या अनवाणी चढतात. शिड्यांवरून तर आपल्यापेक्षा सरसर जातात. त्यांना कुणी व्हीओटू मॅक्स सांगितलाय? आयुष्यभर चालला असता तर वेग पडलाच नसता.

बिनकामाचा_इंजिनियर

त्या आज्या दिसतात कारण त्या चढू शकतात. ज्यांना जमत नाही त्या गावात ओसरीवर बसलेल्या असतात, त्या तुम्हाला शिखरावर कशा भेटणार? शिवाय त्या आजी पस्तिशीच्या असताना किती वेगाने चढायच्या ते आपल्याला कुठे माहीत आहे.

आयुष्यभर न थांबता केलं तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण एड व्हिटलॉक. कॅनडात राहणारा हा धावपटू ७३ व्या वर्षी पूर्ण मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटांत धावला. ८० व्या वर्षी सव्वातीन तासांच्या आसपास. ८५ व्या वर्षी ३ तास ५६ मिनिटं. त्या वयोगटातले ते त्या वेळचे जागतिक विक्रम होते आणि माणूस रोज तासन् तास धावायचा. तरी बघा, ७३ ते ८० मध्ये वीसेक मिनिटं गेली आणि नंतरच्या पाचच वर्षांत चाळीस. घसरण थांबत नाही, आणि पुढे पुढे तीव्रही होते.

मूळ_शंका

ठीक. पण ८५ व्या वर्षी चार तासांच्या आत! मला आत्ता पन्नाशीत सहा लागतील. म्हणजे माझा मुद्दा अर्धा तरी खरा.

बिनकामाचा_इंजिनियर

अर्धा मान्य.

सिएटलचा_पाऊस

इकडे शहराजवळ माउंट साय नावाचा डोंगर आहे. एका बाजूने चार मैल आणि ३,१५० फूट चढ, म्हणजे कळसूबाईची आठवण यावी असा. रेनियर या बर्फाच्छादित शिखराची तयारी करणारे पाठीवर वजन घेऊन इथे सराव करतात. आमच्या मराठी मंडळातले निवृत्त लोकही येतात, आणि भारतातून आलेले आईवडीलसुद्धा. फरक एवढाच, की वाट नागमोडी आखलेली आहे. चढ लांबतो पण गुडघ्याएवढ्या पायऱ्या नाहीत, घसारा (पायाखाली सरकणारी सुटी माती-खडी) नाही. माझे बाबा ६८ चे. इथे आरामात उतरतात, आणि हरिश्चंद्रगडाला खिरेश्वरकडून उतरताना टोलारखिंडीच्या वरच्या कातळावर बसून बसून उतरले होते. माणूस तोच. त्यामुळे नुसते ‘किती मीटर’ बघून काही कळत नाही, पायाखाली काय आहे ते विचारा.

हाडंबिडं

हा मुद्दा मोलाचा आहे, आणि तिथूनच उतरणीकडे येते.

उतरताना दम लागत नाही, कारण ऑक्सिजन कमी लागतो. पण मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असताना वजन तोलून धरतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. आता तुम्हाला आश्चर्य वाटेल अशी गोष्ट : वयानुसार स्नायूची उचलण्याची ताकद जितकी घटते तितकी ही ब्रेक धरण्याची ताकद घटत नाही, ती तुलनेने टिकते. मग उतरण का पडते? कारण घटतो तो ताकदीपेक्षा चपळपणा. पाय सटकला तर सेकंदाच्या अंशात दुसरं पाऊल टाकून सावरायला झटकन जोर लावावा लागतो. ते करणारे जलद स्नायुतंतू वयानुसार आधी आणि जास्त झिजतात. तोलाची जाणीव मंदावते. घोट्याची हालचाल आखडते. तिशीतला माणूस घसाऱ्यावर अर्धवट घसरतच उतरतो, कारण सावरता येईल याची त्याच्या शरीराला खात्री असते. साठीत ती खात्री गेलेली असते, म्हणून प्रत्येक पाऊल तपासून पडतं. याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. शरीर बरोबर हिशेब करत असतं. या वयात मनगट किंवा खुबा मोडला तर त्याची किंमत वेगळी असते, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर हाडं विरळ झालेल्या बायकांना.

आणि डोळे! पदरवाट, चष्मा कोणता वापरता?

पदरवाट

प्रोग्रेसिव्ह. का?

हाडंबिडं

वाटलंच. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्याचा खालचा भाग वाचनाचा असतो. उतरताना पावलाकडे बघता तेव्हा नजर नेमकी त्यातून जाते आणि दोन-तीन फुटांपलीकडची पायरी पुसट दिसते. पायरीची कड कुठे संपते ते कळत नाही. मग हनुवटी छातीला लावून चष्म्याच्या वरच्या भागातून बघावं लागतं, तोल आणखी बिघडतो. बाहेर फिरणाऱ्या वयस्कांनी बाहेरच्यासाठी साधा, फक्त दूरच्या नंबरचा चष्मा वापरला तर पडणं कमी होतं, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. गुडघ्याच्या गोळ्यांवर खर्च करण्याआधी हे करून बघा. संध्याकाळच्या धूसर उजेडात तर फरक फारच जाणवेल, कारण वयानुसार डोळ्यात शिरणारा प्रकाशही कमी होत जातो.

ताकभात

म्हणजे मी तीन वर्षं राजगडाच्या पायऱ्यांना शिव्या देतोय त्या चष्मेवाल्याला द्यायला हव्या होत्या.

गोळीऔषध

डॉक्टर आहे, थोडं रसभंगाचं लिहितो.

वय हळूहळू येतं. दोन-तीन महिन्यांत चढाचा वेग एकदम पडला, नेहमीच्या टेकडीवर धाप लागायला लागली, छातीत-जबड्यात-डाव्या हातात दडपण आलं आणि थांबल्यावर गेलं, तर ‘आता वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. ते वय नव्हे. आधी हृदय तपासा. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड. शाकाहाऱ्यांनी बी-१२ सुद्धा. रक्त कमी असेल तर चढावरच पहिल्यांदा कळतं, सपाटीवर महिनोन् महिने कळत नाही.

दुसरं, रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर घड्याळातले ठोके आणि वरची सूत्रं विसरा. औषधच ठोके वाढू देत नाही. ‘धाप लागलीय पण घड्याळ ११५ दाखवतंय, म्हणजे मी फिट’ असं म्हणणारे भेटलेत. अशांनी बोलण्याची कसोटी वापरावी : चढताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग ठीक. आणि गोळी ट्रेकच्या दिवशी मनाने बंद करायची नाही. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा, विशेषतः मार्च ते मेमधल्या ट्रेकसाठी. वयानुसार तहानेची जाणीव बोथट होते. तहान लागायची वाट बघाल तर उशीर होईल.

भाकरतुकडा

खंड पडला की साठीनंतर परत मूळपदावर येणं अवघड जातं का? माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा आला, चारेक महिने काहीच नाही. आता तळजाईच्या टेकडीवरसुद्धा पाय भरून येतात. वय ६४.

गोळीऔषध

एक जुना प्रयोग सांगतो, हुरूप येईल. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांची क्षमता धाडकन पडली. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत परत तपासले. तीस वर्षांच्या वयाने जेवढी घट झाली होती, त्यापेक्षा जास्त घट त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने झाली होती! मग पन्नाशीत त्यांना सहा महिने व्यायाम दिला तर विशीतल्या मूळ पातळीच्या आसपास आले. पाचच माणसं होती, त्यामुळे त्यावर डोलारा उभारू नये. पण तुम्ही जे ‘वय’ म्हणताय त्यात बराच भाग गेल्या चार महिन्यांचा असणार.

हाडंबिडं

भाकरतुकडा, डोळ्यांच्या डॉक्टरांची परवानगी असेल तर तळजाईच सुरू ठेवा, पण लक्ष उतरणीवर द्या. उतरणीने मांड्या दुखतात त्याला एक उतारा निसर्गानेच दिलाय. एकदा चांगली उतरण झाली, दोन-तीन दिवस दुखलं आणि गेलं, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतरणीने तितकं दुखत नाही. म्हणून मोठ्या ट्रेकच्या आठ-दहा दिवस आधी एकदा मुद्दाम पायऱ्या उतरून घ्यायच्या. चढताना लिफ्ट घेतली तरी चालेल. सोसायटीतले लोक हसतील, हसू देत.

काठ्यांबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहिते. उतारावर दोन काठ्यांनी गुडघ्यावरचा भार कमी होतो, तोल सावरतो. उतरताना काठी जरा लांब करा. चढावर मात्र काठीने दम कमी लागत नाही, उलट हातही राबतात म्हणून ठोके थोडे वाढतातच. आणि कातळटप्पा, शिडी, रेलिंग आलं की काठ्या सॅकला बांधा, हात मोकळे हवेत. मनगटात काठीचा पट्टा अडकवून शिडी उतरणारे कळसूबाईला दर रविवारी दिसतात.

बिनकामाचा_इंजिनियर

फिजिओताईंचं समीकरण घेऊन रात्री बसलो होतो. मजेशीर निघालं. ऑक्सिजन दर किलोमागे मोजतात आणि चढावर लागणारं काम जवळपास एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे ६५ किलोच्या माणसाने सॅकमधले सहा किलो कमी केले तर नऊ टक्क्यांच्या आसपास फायदा. एका दशकाची घट साधारण तेवढीच! कमरेभोवतीचे सहा किलो कमी केले तरी हाच हिशेब, आणि ते उतरताना गुडघ्यांनाही कळेल.

तंबू, स्टोव्ह, तीन लिटरची बाटली, ‘असू दे’ म्हणून घेतलेलं दुसरं जॅकेट. साठीनंतर ही सगळी चैन आहे. पायथ्याच्या गावात जेवण सांगा, मुक्कामाचं सामान उचलायला गावातलाच माणूस घ्या. त्यालाही चार पैसे मिळतात.

मूळ_शंका

हमाल घेऊन केलेला ट्रेक हा ट्रेक नव्हे.

उशिराची_पालवी

हिमालयात घोडा करताना हे तत्त्व कुठे जातं हो?

ताकभात

😂 +१

घसारा

अवांतर होतंय, पण युइचिरो मिउरा आठवले. जपानचे. २०१३ मध्ये ८० व्या वर्षी एव्हरेस्ट चढले, त्याआधी ७० आणि ७५ व्या वर्षीही चढलेले. ८० वाल्या वेळी वरून खाली येताना इतके थकले होते की साडेसहा हजार मीटरवरच्या कॅम्पवरून हेलिकॉप्टरने आणावं लागलं. चढून गेले ते स्वतःच्या पायांनी. पदरवाट काकांचा मुद्दा एव्हरेस्टलाही लागू आहे.

मूळ_शंका

मग तो ट्रेक धरायचा की नाही? अर्धा?

पदरवाट

मंडळी, अपेक्षेपेक्षा खूप मिळालं. सगळ्यांचे आभार. चष्म्याचं तर कुणी आजवर सांगितलंच नव्हतं. काल जुना दूरचा चष्मा घालून हनुमान टेकडी उतरून बघितली. फरक आहे. एका फेरीवरून निष्कर्ष काढत नाही, पण आहे.

आमच्यासाठी मी असा हिशेब मांडतोय, चुकत असेल तर सांगा. चढाला नेस्मिथ जसाच्या तसा. तो पूर्वी आम्हाला हास्यास्पद ढिला वाटायचा, आता बरोबर मापाचा झालाय. उतरणीला चढाइतकाच वेळ, एक मिनिट कमी नाही. थांब्यांचे दर तासाला दहा मिनिटं वेगळे, म्हणजे शेवटचा माणूस पोचल्यापासून दहा. एवढं करून खाली पोचायची वेळ सूर्यास्ताच्या दोन तास आधी येत नसेल तर तो ट्रेक त्या दिवशी करायचा नाही, किंवा मुक्कामाचा करायचा. तोरणा ते राजगड एका दिवसात आता आमच्या यादीतून बाद. मनाला लागलं जरा. बुधला माचीवरून समोर राजगड बघून परत फिरणं अजून पचलेलं नाही.

वाटांचीही अदलाबदल करतोय. हरिश्चंद्रगड पाचनईकडून. राजगड चोरदरवाजाने चढून पाली दरवाजाने उतरायचा विचार होता, रुंद पायऱ्या आहेत म्हणून. पण गाडी गुंजवण्यात, म्हणजे चोरदरवाजाच्या पायथ्याला राहते.

भाकरतुकडा

दहा मिनिटांच्या थांब्याला अनुमोदन. पण बसून राहू नका, सांधे आखडतात. उभ्यानेच खा.

हाडंबिडं

हिशेब योग्य आहे. एकच सुचवते. सगळ्यांना एक वेग लावू नका. वय वाढतं तसा माणसामाणसातला फरकही वाढतो. पंचविशीतले दहा जण साधारण सारखे चालतात, पासष्टीतल्या दहांत एक जण अजून तासात सिंहगड चढेल आणि एकाला सव्वादोन तास लागतील. सरासरी काढून वेळापत्रक केलंत तर अर्ध्यांना ते चुकीचं पडेल. सर्वांत हळू माणसाची उतरण मोजा आणि ती धरा.

उशिराची_पालवी

आणि त्या माणसाला ते सगळ्यांसमोर सांगू नका, एवढंच.

घसारा

काका, राजगडचं सोपं आहे. पालीकडूनच चढा आणि पालीकडूनच उतरा, चोरदरवाजाचा हट्ट सोडा. गाडीचा प्रश्नच येत नाही. रविवार टाळा, वरच्या टप्प्याला पायऱ्यांवर गर्दी तुंबते आणि मागचे ढकलतात, तिथे हळू उतरणाऱ्याची पंचाईत होते. शनिवारी पहाटे निघालात तर उन्हाच्या आत पद्मावती माचीवर. तारीख ठरली की सांगा, मी आणि आमचे दोघे येऊ. मला उतरणीच्या वेळा मोजून बघायच्या आहेत, आमच्या फॉर्ममध्ये नवा प्रश्न टाकायचा विचार आहे : ‘शेवटची मोठी उतरण कधी केली?’

पदरवाट

या की. दिवाळीनंतरचा पहिला शनिवार धरतोय, गवत वाळलेलं असेल आणि घसारा अजून फार सुटलेला नसेल. (वाटेवरचा, तुम्ही नव्हे.) पालीत जेवण आधी सांगून ठेवतो. किती जणांचं सांगू?

ताकभात

माझं धरा. नवा चष्मा होईल तोवर.